प्राचीन अथेन्स वाचायला घेताना: नवख्या वाचकासाठी क्रमवार वाटाड्या

प्राचीन ग्रीसविषयी काही तरी नीट वाचावे, असे मनात आले की बहुतेक जण थेट प्लेटोचे 'रिपब्लिक' उघडतात. मीही तेच केले होते. पहिल्याच पानावर सॉक्रेटिस बंदराकडे उतरतो, तिथे कुठल्याशा देवीची जत्रा असते, परतताना त्याला काही ओळखीचे लोक अडवतात आणि एका वृद्ध गृहस्थाच्या घरी घेऊन जातात. ही माणसे कोण, ते घर कोणाचे, ती देवी कुठली, यातले मला काहीच ठाऊक नव्हते. संवाद पुढे सरकत गेला आणि मी मागे पडत गेलो. तिसऱ्या भागात पुस्तक मिटले. ते पुन्हा उघडले तेव्हा मधल्या काळात अथेन्सची सभा कशी भरे, खटला कसा चाले, नाटकाचा खर्च कोण करी, हे मी बऱ्यापैकी शिकलो होतो, आणि तेच पान सहज वाचता आले.

म्हणून हा क्रम सुचवतो आहे. तत्त्वज्ञानाच्या दाराने आत शिरू नका. सभेच्या, न्यायालयाच्या आणि रंगमंचाच्या दाराने शिरा. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल ज्यांच्याशी वाद घालत होते, ती माणसे त्या तीन ठिकाणी भेटतात. नोकरी सांभाळून रोज तासभर वाचले तर हा सारा प्रवास साधारण सहा महिन्यांत होतो.

लागणारे साहित्य

- एजियन समुद्राचे दोन्ही किनारे, दक्षिण इटली आणि सिसिली दाखवणारा एक मोठा नकाशा.
- एक वही. तिच्यात मागच्या बाजूने नावांची यादी आणि पुढच्या बाजूने टिपणे लिहावीत, कारण नावे पटापट विसरतात.
- ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेली 'अथेन्सची राज्यघटना', थुसिडिडीसचा स्पार्टाशी झालेल्या युद्धाचा इतिहास, प्लेटोचे 'अपॉलॉजी' (सॉक्रेटिसचे खटल्यातील बचावाचे भाषण) आणि 'क्रिटो' (त्याचा तुरुंगातील संवाद), आणि शेवटी 'रिपब्लिक' व ॲरिस्टॉटलचे 'पॉलिटिक्स'.
- एस्किलसचे एक आणि ॲरिस्टोफेनिसचे एक नाटक.

यांपैकी बहुतेक ग्रंथांची जुनी, स्वामित्वहक्क संपलेली इंग्रजी भाषांतरे टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य मिळतात. ग्रीक भाषा येण्याची गरज नाही. मात्र भाषांतर मराठी असो वा इंग्रजी, समासात आकडे छापलेले आहेत का, हे घेण्यापूर्वी पाहा. प्लेटोच्या ग्रंथांसाठी 1578 साली छापलेल्या आवृत्तीची पाने, तर ॲरिस्टॉटलसाठी 1831 पासून निघालेल्या बर्लिन आवृत्तीची पाने जगभर संदर्भ म्हणून वापरतात. 'अपॉलॉजी 36अ' म्हटले की कोणत्याही भाषेतला वाचक तीच ओळ काढू शकतो. मी पहिले दोन महिने माझ्या पुस्तकाच्या पान क्रमांकांनी टिपणे काढली आणि दुसरे भाषांतर हाती घेतल्यावर ती सगळी निरुपयोगी ठरली.

1. 'ग्रीस' नव्हे, एक शहर निवडा

त्या काळी ग्रीस नावाचे एक राज्य नव्हते. हजाराहून अधिक नगरराज्ये होती आणि प्रत्येकाचे कायदे, पंचांग, नाणी आणि देवतांचे उत्सव आपापले होते. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे, साठीच्या पुढच्या ज्येष्ठांची सभा आणि दरवर्षी निवडले जाणारे एफोर नावाचे पाच अधिकारी असत, आणि हेलॉट नावाच्या जमिनीला जखडलेल्या लोकांच्या श्रमावर ते सारे उभे होते. 'ग्रीक लोक असे मानत' अशी वाक्ये वाचताना म्हणूनच प्रत्येक वेळी विचारावे, की कुठल्या गावचे ग्रीक?

सुरुवातीला अथेन्स घ्यावे, कारण लिखित साधने तिथली सर्वाधिक आहेत. त्याचबरोबर नकाशावर एक गोष्ट करून पाहा. थेलिसचे मिलेटस आणि हेराक्लिटसचे एफेसस शोधा. दोन्ही आजच्या तुर्कस्तानात सापडतील. प्रोटागोरस उत्तरेकडच्या अब्देराचा, गोर्गियस सिसिलीतल्या लेओन्टिनीचा, ॲरिस्टॉटल स्टॅगिराचा. अथेन्स ही तत्त्वज्ञांची जन्मभूमी कमी आणि बाजारपेठ जास्त होती.

मिलेटस, एफेसस ज्या पट्ट्यात येतात त्या आयोनियाच्या नावावरूनच आपला 'यवन' हा शब्द आला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांचे लेख आहेत. ते वाचून कोणी त्यांचा संबंध इ.स.पू. पाचव्या शतकातला नेता पेरिक्लिस याच्या अथेन्सशी जोडू नये. मध्ये काही शतके आणि बरीच राज्ये गेलेली आहेत.

2. मोजकी वर्षे पाठ करा

इसवी सनापूर्वीची वर्षे उलटी धावतात, हे ठाऊक असूनही गोंधळ होतो, इ.स.पू. पाचवे शतक म्हणजे 500 ते 401. दुसरा गोंधळ 508/507 अशा जोडवर्षांचा. अथेन्सचे वर्ष उन्हाळ्यात सुरू होई, त्यामुळे त्यांचे एक वर्ष आपल्या दोन वर्षांवर पसरते. ती छपाईची चूक नव्हे.

पाठ करायची वर्षे एवढीच: 594 सोलॉनच्या सुधारणा, 508/507 क्लेइस्थेनिसची पुनर्रचना, 490 मॅरेथॉन आणि 480 सॅलॅमिस या इराणी फौजांशी झालेल्या लढाया, 462/461 एफिअल्टिसने अरिओपॅगस या जुन्या सरदारी मंडळाचे अधिकार कापले ते वर्ष, 431 ते 404 स्पार्टाशी युद्ध, 404/403 पराभवानंतर आलेली तीस जणांची जुलमी राजवट आणि तिच्याविरुद्धची यादवी, 399 सॉक्रेटिसचा खटला, 322 मॅसिडोनियाच्या दबावाखाली लोकशाहीचा शेवट. सॉक्रेटिसचा खटला पराभवानंतर पाच वर्षांनी आणि यादवीनंतर चार वर्षांनी झाला, एवढे या यादीतून लक्षात राहिले तरी पुरे.

3. राज्ययंत्र कसे चाले ते कागदावर काढा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्या. हाताशी 'अथेन्सची राज्यघटना' ठेवा. शतकानुशतके हरवलेला हा ग्रंथ इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरून 1891 साली प्रसिद्ध झाला. कोणी तरी तो एका शेतीच्या हिशेबाच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवून घेतला होता. तो खुद्द ॲरिस्टॉटलचा की त्याच्या एखाद्या शिष्याचा, यावर वाद आहे, पण नवख्याचे त्यावाचून अडत नाही. पहिली 41 प्रकरणे इतिहास सांगतात. तुम्ही 42 पासून सुरू करा, कारण तिथे लेखकाने आपल्या डोळ्यांसमोर चालणारी व्यवस्था वर्णिली आहे.

कागदावर तीन चौकोन काढा. पहिला नागरिकसभेचा. ती प्नीक्स टेकडीवर भरे, चौथ्या शतकात वर्षाला चाळीस बैठका होत, आणि कोणताही प्रौढ पुरुष नागरिक तिथे उठून बोलू शके. काही निर्णयांना 6,000 मते आवश्यक होती. दुसरा चौकोन पाचशेंच्या मंडळाचा. क्लेइस्थेनिसने नागरिकांचे दहा गट पाडले आणि प्रत्येक गटात किनाऱ्यावरची, शहरातली आणि आतल्या भागातली गावे मुद्दाम मिसळली, म्हणजे जुन्या घराण्यांची पकड सुटावी. प्रत्येक गटातून पन्नास जण सोडतीने मंडळावर येत आणि वर्षाच्या एक दशांश काळ तो गट कारभार पाही. रोज सोडतीने नवा अध्यक्ष ठरे. एक दिवस आणि एक रात्र मंदिरांतील खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मुद्रा त्याच्या ताब्यात असे, आणि तो मान आयुष्यात एकदाच मिळे.

तिसरा चौकोन न्यायालयाचा. दरवर्षी तीस वर्षांवरील 6,000 नागरिक पंच म्हणून सोडतीने निवडले जात. कोण कोणत्या खटल्याला बसणार, हे चौथ्या शतकात त्याच दिवशी सकाळी दगडी सोडतयंत्राने ठरे: उभ्या शिळेतील खाचांत नावाच्या पट्ट्या खोवायच्या आणि बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे. अशा एका यंत्राचा भाग अथेन्समधील अगोरा संग्रहालयात आहे. एवढ्या खटाटोपाचे कारण साधे होते, की आज कोण पंच आहे हे कोणालाच आधी ठाऊक नसेल तर लाच द्यायची कोणाला?

इथला सापळा: आपण लोकशाही म्हटले की निवडणूक समजतो. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'मध्ये (1294ब) नेमके उलटे सांगतो: सोडत ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची रीत, असे मानले जाते. निवडणुकीत नाव, पैसा आणि वक्तृत्व असलेला माणूस पुढे येतो, असा त्यामागचा हिशेब होता. अथेन्समध्ये मतदानाने निवडले जात ते मुख्यतः दहा सेनापती, कारण युद्ध सोडतीवर सोपवणे त्यांनाही परवडणारे नव्हते. पेरिक्लिसची सत्ता याच पदावरून चाले. आपल्याकडे घरांची सोडत निघते तसा मंडळाचा सभासद निघतो, ही कल्पना पचेपर्यंत पुढे जाऊ नका; प्लेटोचा सारा राग तिच्यावर आहे.

आणखी एक गोष्ट इथेच उरकून घ्या: खापऱ्यांवर नाव कोरून एखाद्या नेत्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करण्याची पद्धत. ती शिक्षा नव्हती. हद्दपार माणसाची मालमत्ता शाबूत राही. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लिसचे नाव कोरलेल्या 190 खापऱ्या सापडल्या आणि त्यांवरची अक्षरे मोजक्याच हातांची निघाली. आधीच कोरून ठेवलेल्या खापऱ्या वाटण्याची तयारी कोणी तरी केली असावी, हे त्यावरून दिसते.

4. चौकोनाबाहेर कोण होते ते त्याच कागदावर लिहा

स्त्रियांना सभेत किंवा न्यायालयात स्थान नव्हते, जरी शहराची रक्षक देवी अथेना पोलिआस हिची पुजारीण ही शहरातली मोठी मानाची व्यक्ती होती. मेटिक, म्हणजे बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक, कर भरत आणि सैन्यात लढत, पण त्यांना मत नसे. गुलाम घरात, कारखान्यात आणि लॉरिऑनच्या चांदीच्या खाणीत राबत, आणि त्याच खाणीच्या उत्पन्नातून सॅलॅमिसला लढलेले आरमार उभे राहिले. इ.स.पू. 451/450 मध्ये पेरिक्लिसच्या प्रस्तावाने असे ठरले, की आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक होईल. पुढे मिलेटसच्या अस्पेशियापासून झालेल्या स्वतःच्या मुलासाठी त्याला याच कायद्यातून सवलत मागावी लागली. या मुलाचे नाव लक्षात ठेवा. तोही पेरिक्लिसच, आणि तो पुन्हा भेटणार आहे.

हे वाचून 'मग ही कसली लोकशाही' म्हणून पुस्तक ठेवून देण्याचा मोह होतो, आणि दुसऱ्या टोकाला 'त्या काळी सगळीकडे असेच होते' म्हणून झाकून टाकण्याचाही. दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

5. नाटक उत्सव म्हणून वाचा

दायोनिसस देवाच्या वसंतातल्या उत्सवात तीन नाटककार प्रत्येकी तीन शोकांतिका आणि एक सॅटर-नाटक, म्हणजे उच्छृंखल प्रहसन, घेऊन उतरत. कोरसचा, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाचा, खर्च श्रीमंत नागरिकावर टाकलेला असे. तो सक्तीचाही असे आणि प्रतिष्ठेचाही. नाटकांपूर्वी मांडलिक शहरांकडून आलेली खंडणी रंगभूमीवर मांडून दाखवत आणि युद्धात बाप गमावलेल्या मुलांना शस्त्रे देऊन प्रेक्षकांसमोर उभे करत. परीक्षकही सोडतीनेच.

एस्किलसची 'ओरेस्टेइया' ही नाट्यत्रयी 458 साली झाली. तिच्या शेवटच्या नाटकात अथेना देवी अरिओपॅगसचे न्यायालय स्थापन करते, आणि त्याच मंडळाचे अधिकार चारच वर्षांपूर्वी कापले गेले होते. प्रेक्षकांत दोन्ही बाजूंचे लोक बसलेले असणार, हे डोळ्यांसमोर ठेवून ते वाचा. त्यानंतर ॲरिस्टोफेनिसचे 'मेघ' घ्या. 423 सालच्या या विनोदी नाटकात सॉक्रेटिस टोपलीत बसून हवेत लटकतो आणि पैसे घेऊन खोट्याचे खरे करायला शिकवतो. वगातल्या सोंगाड्याने गावच्या पुढाऱ्याची घ्यावी तशी ही नाव घेऊन केलेली टवाळी आहे. फरक एवढाच, की ती चोवीस वर्षांनी न्यायालयात आठवली गेली.

6. थुसिडिडीसची फक्त तीन ठिकाणे वाचा

संपूर्ण ग्रंथ पहिल्याच फेरीत वाचू नका. दुसऱ्या भागातील पेरिक्लिसचे अंत्यभाषण वाचा, पण तिथे थांबू नका; लेखकाने त्याला लागूनच महामारीचे वर्णन ठेवले आहे आणि दोन्ही सलग वाचायलाच लिहिली आहेत. नंतर तिसऱ्या भागातील मितिलेनीची चर्चा. 427 साली बंड करणाऱ्या या शहराचे सगळे पुरुष ठार मारावेत, असा ठराव सभेने केला आणि जहाज रवाना झाले. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला, पुन्हा चर्चा झाली, थोड्या मतांनी ठराव फिरला आणि दुसरे जहाज वल्ह्यांवरच जेवत-झोपत ऐन वेळी पोहोचले. शेवटी पाचव्या भागातील अथेन्सचा मेलोस बेटावरच्या लोकांशी झालेला संवाद, साल 416. तिथे कोणतेही दुसरे जहाज निघत नाही.

इथला सापळा: ही भाषणे ध्वनिमुद्रणासारखी वाचू नका. शब्दशः आठवणे शक्य नव्हते, त्या त्या प्रसंगी जे बोलणे उचित वाटले ते घातले, हे लेखकाने पहिल्या भागातच (1.22) मान्य केले आहे. शिवाय हा लेखक स्वतः अपयशी सेनापती म्हणून वीस वर्षे हद्दपारीत होता, तेव्हा सभेविषयी तो तटस्थ असेल ही अपेक्षा करू नये.

7. आता 'अपॉलॉजी', पण खटल्याचा कागद म्हणून

पहिल्यांदा वाचताना मी हे भाषण उदात्त विचारांचा संग्रह म्हणून वाचले होते. आता न्यायालयाचे नियम शेजारी ठेवून वाचा. सरकारी वकील नाही. फिर्याद मेलेटस नावाच्या नागरिकाने केली आणि अॅनिटस व लायकन त्याच्या बाजूने बोलले. निकालाबाबत पंचांना मार्गदर्शन करणारा न्यायाधीश नाही. भाषणांची वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजली जाई. आपल्या लग्नघरातल्या घटिकापात्रात पाणी भरत जाते, यातून ते वाहून जाई. पंच सुमारे पाचशे, खटला एका दिवसात निकाली, आणि मतदान दोनदा: आधी दोषी की निर्दोष, मग दोन्ही पक्षांनी सुचवलेल्या शिक्षांपैकी एक.

पहिल्या मतदानानंतर सॉक्रेटिस म्हणतो, की तीसच मते इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो. पंच 501 धरले तर 280 विरुद्ध 221 असा हिशेब बसतो. लगेच तो पुढे म्हणतो, की अॅनिटस आणि लायकन सोबत नसते तर मेलेटसला हजार द्राख्मा दंड भरावा लागला असता. नियम माहीत नसेल तर हे वाक्य डोक्यावरून जाते. फिर्यादीला एक पंचमांश मते मिळाली नाहीत तर त्याला दंड होई. सॉक्रेटिस 280 मते तिघांत वाटून दाखवतो आहे, आणि तो वाटा शंभराच्या खाली येतो. मृत्यू समोर असताना हा माणूस पंचांना भागाकार शिकवत होता, आणि तो त्यांना आवडला नसणार. मग शिक्षा सुचवायची वेळ येते तेव्हा तो आधी सरकारी खर्चाने भोजनाचा मान मागतो, नंतर एक मिना दंड म्हणतो, आणि मित्रांच्या हमीवर तीस मिनांपर्यंत येतो. एक मिना म्हणजे शंभर द्राख्मा, आणि पाचव्या शतकाच्या शेवटी कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा होती.

याच भाषणात (32ब) तो 406 सालची आठवण काढतो. आर्गिनुसाईच्या नाविक लढाईत विजय मिळाला, पण वादळामुळे बुडणाऱ्यांना वाचवता आले नाही, म्हणून सेनापतींवर एकगठ्ठा खटला चालवायचे सभेने ठरवले. ते बेकायदा होते. सॉक्रेटिस तेव्हा कारभारी पन्नासांत होता आणि त्याने विरोध केला. तरीही सहा सेनापतींना मृत्युदंड झाला, आणि त्यांत अस्पेशियाचा मुलगा पेरिक्लिस होता.

इथले सापळे: आरोप 'नास्तिकपणा' असा मराठीत उतरवू नका. शहर ज्या देवांना मानते त्यांना न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे, असा तो आरोप होता. मनातल्या श्रद्धेपेक्षा शहराच्या सामाईक पूजेशी त्याचा संबंध अधिक होता. दुसरे असे, की तीस जुलमींचा पुढारी क्रिटिअस सॉक्रेटिसच्या सहवासातला होता. यादवी मिटवताना 403 साली झालेल्या तडजोडीमुळे जुन्या राजकीय कृत्यांबद्दल फिर्याद करता येत नव्हती. पण 345 साली एस्किनिस हा वक्ता पंचांना सरळ सांगतो, की क्रिटिअसला शिकवले म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारले. आणि तिसरे, हे भाषण प्लेटोने लिहिले आहे. तो खटल्याला हजर होता. सॉक्रेटिसच्या सहवासातला दुसरा लेखक झेनोफोन यानेही त्याचा बचाव लिहिला, पण तो तेव्हा आशियात होता.

'क्रिटो' त्यानंतर एका बैठकीत वाचून होतो.

8. ॲरिस्टॉटल अर्धाच घ्या

'पॉलिटिक्स'चे पहिले, तिसरे आणि चौथे पुस्तक आधी वाचा. ती तयार पुस्तके नसून व्याख्यानांची टिपणे असावीत, त्यामुळे वाक्ये तुटक लागतात; दोष तुमचा नाही. तिसऱ्या पुस्तकात तो नागरिकाची व्याख्या करतो: जो न्यायदानात आणि अधिकारपदात वाटेकरी असतो तो. हे लिहिणारा माणूस अथेन्समध्ये मेटिक होता, आणि स्वतःच्याच व्याख्येने तिथला नागरिक नव्हता.

9. आणि आता 'रिपब्लिक'चे पहिले पान

बंदर म्हणजे पिरेअस. देवी म्हणजे थ्रेसची बेंडिस, जिच्या पूजेला शहराने अधिकृत मान्यता दिली होती; नवी दैवते आणल्याचा आरोप पुढे ज्याच्यावर होणार, तो माणूस याच जत्रेला आला आहे. घर वृद्ध सेफॅलसचे. तो सिराक्यूजचा, म्हणजे मेटिक, आणि घराण्याचा धंदा ढाली बनवण्याचा. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, हे मत त्याचा मुलगा पोलेमार्कस मांडतो. 404 साली तीस जुलमींनी पैशाच्या लोभाने श्रीमंत मेटिकांना पकडले, तेव्हा या पोलेमार्कसला खटल्याशिवाय विष प्यायला लावले. त्याचा भाऊ लिसिअस निसटला आणि पुढे त्याने यावर जे भाषण केले, ते आजही उपलब्ध आहे. घरातून सातशे ढाली आणि एकशेवीस गुलाम जप्त झाले, असे तो त्यात सांगतो. प्लेटोच्या पहिल्या वाचकांना हे सगळे माहीत होते. लिसिअसचे ते बारावे भाषण आधी वाचा, मग त्याच संध्याकाळी 327अ पासून सुरुवात करा.